फिर्यादीतून गाळलेले

१६ जानेवारी १९५८

शाळेत रेऊबेन वकिलांची चिठ्ठी आली. ‘मास्तर, तुमच्या वहीसाठी एक बाई आहे. दवाखान्यात, डावीकडच्या ओसरीत. आजच जा.’

गेलो. चांगुणा. गव्हाणची. तिशीच्या आसपास. विधवा. मिठागरावर मीठ ओढते. डाव्या डोळ्यावर पट्टी, पट्टीखालून गालावर पिवळे पाणी. ओठ फुटलेले. डोक्यावरचे मूठभर केस मुळापासून गेलेले, तिथे कातडी दिसते.

मार खाल्लेल्यांच्या हकिकती लिहितो ती वही घरी राहिली होती. म्हणून रोजनिशीतच लिहून घेतले. तिने सांगितले त्या क्रमाने:

परवा दुपार. मुकादम पदाजी, तिच्याच गावचा. तिने सकाळपासून ओढून बांधावर रचलेली मिठाची रास त्याने पायाने परत वाफ्यात लोटली. म्हणाला, यात माती आहे. ती म्हणाली, माती तुझ्या डोक्यात. भरलेली टोपली त्याच्या तोंडावर फेकली. मीठ त्याच्या डोळ्यांत गेले. तो ओरडला. मग त्याने केस धरून तिला वाफ्यात पालथी पाडली. मानेवर गुडघा. तोंड खाऱ्या पाण्यात. वर काढले, पुन्हा दाबले. तीन वेळा. मग मीठ ओढायची फळी. फळीची कड डोळ्यात.

त्याची बायको येसू जवळच होती. नवऱ्याचे डोळे धुवायला गोड्या पाण्याचा हंडा घेऊन धावत आली. आणि हंडा चांगुणावर ओतला.

“सगला हंडा, मास्तर. तो उभा बोंबलतंय, मना दे, मना दे. तिनी मनाच दिलान.” हसली. ओठ परत फुटला. पदराने पुसला.

चौकीतली नोंद: पडून इजा. हवालदाराने तिला विचारले नाही. गाडीतून आणणाऱ्यांना विचारले. ती पदाजीची माणसे.

नेहमीचे तीन प्रश्न. कोणी मारले. कशाने. आता काय हवे. तिसऱ्याला माणसे गप्प होतात. ही झाली नाही.

“त्यानी मना सगल्यांसमोर मारलान. मना सगल्यांसमोर सांगायचा हाय.”

१७ जानेवारी

चौकी ऐकत नाही, तर थेट न्यायाधीशांकडे फिर्याद. ती मी लिहायची असे वकिलांशी ठरले आहे. मसुदे चार. पहिला सहा पाने, शेवटचा दीड.

येसूचा हंडा गाळला. फार गोष्टीसारखे वाटते. टोपलीही गाळली. तिने आधी फेकली हे खरे. पण ती बांधावर उभी आहे आणि तो तिच्याकडे चालत येतो, तिथून सुरुवात केली की सगळे सरळ जाते.

चांगले झाले आहे. एकही विशेषण नाही.

१८ जानेवारी

शनिवार. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, रेऊबेन वकील आज कागदाला हात लावत नाहीत. तरी संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसलो. घरातली कपाटे रिकामी होत चालली आहेत. जूनमध्ये सगळे कुटुंब इस्रायलला. थोरला भाऊ आधीच गेला.

मी विचारले, तिकडे वकिली करणार का?

“कुठली हो! तिथली भाषा मला प्रार्थनेपुरती येते. भांडणापुरती नाही.”

फिर्यादीचे काही बोललो नाही. खिशात होती.

२० जानेवारी

वकिलांनी वाचली. “छान आहे. फारच छान आहे. बाई अशी बोलते?”

अर्थ तोच आहे, म्हणालो.

“काही राहिले नाही ना?”

नाही.

चांगुणाला आणले होते. कचेरीच्या ओसरीत बसून तिला वाचून दाखवली. मान खाली घालून ऐकले. मग म्हणाली, “एवढीशीच?”

“एवढीच लागते.”

अंगठा दिला. आत न्यायाधीशांनी शपथ घातली. यात लिहिले आहे ते खरे? खरे. पदाजीवर समन्स निघाले.

२७ जानेवारी

चांगुणाचा डोळा काढला. काढला नसता तर दुसराही गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. आत फळीची ढलपी सापडली, नखाएवढी. त्यांनी ती कागदाच्या पुडीत बांधून तिच्याच हातात दिली होती. पुरावा आहे, जपून ठेव. ती पुडी उशाशी. मी गेलो तेव्हा मुंग्या लागल्या होत्या.

ती पट्टीखाली बोट घालून खाचेचा अंदाज घेत होती. नर्स हात झटकायची. ही पुन्हा घालायची.

“घर रिकामा झाला,” म्हणाली.

२ फेब्रुवारी

रविवार. कामोठ्याला. दोन वर्षांपूर्वीचा मार. बांधाच्या भांडणात एका शेतकऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटे चुलतभावाने कोयत्याने उडवली. आता तो डाव्या हाताने जेवतो. बोटे त्याने स्वतः गोळा करून रुमालात बांधली आणि चौकीत नेऊन दिली. परत लावतील असे वाटले होते.

मारणारा शिक्षा भोगून घरी आला. शेजारीच राहतो. खटल्याची तारीख याला कोणी कळवली नव्हती. निकाल लागला तेव्हा हा शेतात होता.

तिसरा प्रश्न विचारला. आता काय हवे?

“माझा सदरा द्या म्हणावं. लग्नातला होता. पुरावा म्हणून नेला, तो तिकडंच.”

वहीतल्या हकिकतींवरून सरकारला निवेदन करायचे आहे, त्यात कलम वाढवले. मार खाल्लेल्या माणसाला तारीख कळावी. निकाल कळावा. त्याच्या वस्तू त्याला परत मिळाव्यात. कचेरीत बसायला जागा असावी. अगदी साधी चार वाक्ये आहेत. ज्यांना दाखवतो ते हसतात. आरोपीला वकील असतो, जामीन असतो; फिर्यादीला आणखी काय पाहिजे?

ताई सासरी जळाली तेव्हाचे आठवते. जाळणारा सुटला हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले. एका लग्नात, पंगतीत, वाढणाऱ्याकडून.

९ फेब्रुवारी

गव्हाणला गेलो. चांगुणा घरी आली आहे. तिच्यावर गावकी बसली होती. देवळासमोर सगळी पुरुषमंडळी. पदाजी मधोमध, मांडीवर नारळ.

पद्धत अशी: मारणाऱ्याने नारळ द्यायचा, मार खाणाऱ्याने घ्यायचा. घेतला की मिटले. मग कचेरीत जायचे नाही.

पुढाऱ्याने नारळ तिच्यापुढे ठेवला. “घे, बाय. गावातली गोष्ट गावात रवूदे.”

ती म्हणाली, “याचा एक डोला काढा, मंग घेते.”

कोणी हसले नाही. कोणीतरी मागून तिच्या पाठीत दगड मारला. लहान होता. ती वळलीसुद्धा नाही. नारळ तसाच राहिला. आजपासून विहिरीवर तिची घागर चालणार नाही.

बायका लांब भिंतीशी उभ्या होत्या. त्यांतली उंच, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली, ती येसू. चांगुणाने डोळ्याने दाखवली.

१९ फेब्रुवारी

पहिली तारीख. पदाजीचे म्हणणे: त्या दिवशी मी मिठागरावर नव्हतोच, पनवेलच्या बाजारात होतो. दोन दुकानदार साक्षीला. बाई घसरून फळीवर पडली असेल.

ओसरीत आरोपी बाकावर, त्याच्या वकिलांशेजारी. चांगुणा खाली, पिंकदाणीजवळ. मी शिपायाला म्हणालो, त्या बाईला बाक द्या. तो म्हणाला, “बाक साक्षीदारांना.” ती साक्षीदारच आहे. “मग ती फिर्यादी न्हवं?” तिथे संभाषण संपले.

पदाजी बसल्या जागेवरून: “काय गो चांगुने, एका डोल्यानी मी अर्धाच दिसतंय का?”

“पुरा दिसतंस. म्हनून तर आयले.”

तारीख पुढे गेली. ११ मार्च.

१० मार्च

उद्या तिची साक्ष. विहीर बंद, म्हणून ती वकिलांच्या घरी मागच्या पडवीत राहिली आहे. शाळेनंतर गेलो. ती डाळ निवडत होती. एका डोळ्याने खडे दिसतात, पण बोट भलतीकडे पडते.

“मास्तर, हंड्याचा कागदात नाय. उद्या सांगू का नको?”

विचारतील ते सगळे सांगा, म्हणालो.

“आनि टोपलीचा?”

वकील आतून चहा घेऊन आले आणि विषय राहिला.

राहू दिला.

११ मार्च

न्यायाधीशांनीच विचारले, “तिथे आणखी कोण होते?”

“येसू. मुकादमाची बायको. तिनी माझ्यावर हंडा ओतलान.”

आरोपीचे वकील फिर्याद हातात घेऊन उठले. “हे यात आहे?”

“नाय.”

“शपथेवर दिलेल्या फिर्यादीत नाही. आज दोन महिन्यांनी आठवले?”

न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. “बाई, आरोपीची बायको हंडा घेऊन का आली? तुझ्यासाठी?”

तिने माझ्याकडे पाहिले. मागच्या रांगेत होतो. पूर्ण मान वळवून पाहावे लागते तिला आता. सगळ्यांना कळले ती कोणाकडे पाहते ते. मी खाली पाहिले.

“मना ठावं नाय,” ती म्हणाली.

लोक हसले.

न्यायाधीशांनी पुढे विचारले, “तू मुकादमावर आधी काही फेकलेस, मारलेस?”

“नाय.”

न्यायाधीश लिहीत होते. टाकाचा आवाज. खरे सांगितले ते खोटे ठरले आणि खोटे सांगितले ते तसेच निभावले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बराबर बोलले ना? कागदात होतं तेवढाच.”

१३ मार्च

सकाळी कंपाउंडर शाळेत आला. येसू दवाखान्यात आहे.

डाव्या हाताची दोन्ही हाडे. जबडा. पाठीवर हंड्याच्या काठाचे गोल वळ, एकात एक. तोच हंडा असेल असे नाही. हंडाच.

पदाजी उशाशी बसून तिला पेज भरवत होता. चमच्याने, फुंकर घालून. जबडा बांधलेला, पेज गळ्यावरून खाली. तो पुसायचा आणि पुन्हा भरवायचा.

मी तिला विचारले, कशी पडलीस?

उत्तर त्याने दिले. “बांधावरना घसरली, मास्तर. घ्या, लिवा तुमच्या वहीत. सावकाश सांगू?”

येसू छताकडे पाहत होती. तो भांडे विसळायला बाहेर गेला तेव्हा मी पुन्हा विचारले. ती बांधलेल्या तोंडातून म्हणाली, “पडले.” मग, थोड्या वेळाने, “चांगुना कचेरीत माझा नाव बोलली?”

हो.

“खरा बोलली.”

तो परत आला. पेज पुन्हा सुरू.



१४ मार्च

वकिलांना सगळे सांगितले. १६ जानेवारीचे पान पुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढला.

“मी वीस तारखेला तुम्हाला विचारले होते. काही राहिले का?”

हो.

“टोपली सांगितली असतीत तर हंडा का आला ते कळले असते. टोपलीशिवाय हंड्याला अर्थच नाही. तुम्ही कारण गाळलेत, मास्तर. मग जे राहिले ते खोटेच दिसणार.”

मी म्हणालो, मला वाटले तिची बाजू स्वच्छ…

“तुम्हाला निर्दोष बाई हवी होती. मला जखमी बाई पुरली असती.”

मग वकिलासारखे बोलले. उपाय एक आहे. मी साक्षीदार व्हायचे. घटनेनंतर दोन दिवसांत तिने मला हंड्याचे सांगितले, मी त्याच दिवशी लिहून ठेवले, असे शपथेवर सांगायचे. पण वही काढली की ती पाहण्याचा हक्क विरुद्ध बाजूला मिळतो. आणि हंड्याच्या चार ओळी वर टोपली आहे.

टोपली बाहेर आली की काय?

“एक, टोपलीचा फायदा घ्यायचा तर आरोपी मिठागरावर होता हे त्यांनाच मानावे लागेल. बाजाराची सबब गेली. दोन, त्याचे वकील म्हणतील, आमच्या माणसाच्या डोळ्यांत मीठ होते, दिसत नव्हते, स्वतःला वाचवायला हात चालवला. सुटेलही. तीन, बाईने शपथेवर ‘नाय’ म्हटले आहे. तिच्यावरच खटला होऊ शकतो.”

आणि वही नाही काढली तर?

“तर डॉक्टरांची साक्ष आणि एक खोटी ठरलेली बाई.”

पान फाडण्याचा विचार आला. मी बोललो नाही, पण त्यांनी वही मिटून आपल्या हाताखाली ठेवली.

“हे तुम्ही ठरवायचे नाही,” म्हणाले. “मीही नाही. डोळा तिचा.”

१६ मार्च

चांगुणाला रोजनिशी वाचून दाखवली. ती काल गावी परत गेली, म्हणून गव्हाणलाच. उंबऱ्यावर बसलो. येणारे-जाणारे थुंकून जात होते. एकजण माझ्या चपला उचलून खाजणाच्या चिखलात फेकून गेला. तिने त्याच्या आईवरून शिवी दिली आणि मला म्हणाली, “वाचा.”

सगळे वाचले. १६ जानेवारीपासून पुढे, माझे स्वतःचेसुद्धा. ‘मूठभर केस’ आले तेव्हा तिने डोक्यावरून हात फिरवला. ‘एकही विशेषण नाही’ इथे थांबवले.

“त्या काय असता?”

सांगितले. दगड, हा शब्द. मोठा दगड, यातला मोठा, ते विशेषण.

“म्हंजी फळी मारलान त्या लिवायचा. कशी लागली त्या लिवायचा नाय.”

हो.

“हा.” पुढे वाचा, अशी मान हलवली.

वाचून झाल्यावर वकिलांनी सांगितलेले तिन्ही धोके सांगितले. तिसरा दोनदा. तुमच्यावर खटला होईल, चांगुणाबाई. तुरुंगसुद्धा.

ती पाण्याची घागर तिरपी करून तळाचे पाणी भांड्यात काढत होती. पाणी आता दोन कोसांवरून आणते.

“टोपली फेकली त्याची मना लाज नाय, मास्तर. तुमाला हाय.”

मी वही मिटली.

“माझी दिवसाची रास त्यानी पायानी लोटलीन. फेकली मी. परत फेकीन. त्याचा डोला गेला? नाय. माझा गेला.” भांडे मला दिले. “येसूचा हंडा खोटा पडला, तर तिचा हात फुकट मोडला. वाचा तिकडं. सगला वाचा.”

तो सुटला तर?

“सुटला तर सुटला. पन सगल्यांसमोर.”

पाणी प्यालो. येताना अनवाणी.

२५ मार्च

वकिलांचे दोन अर्ज, दोन्ही मंजूर. मला साक्षीदार म्हणून बोलावणे. आणि येसूला न्यायालयाचेच समन्स. तिचा नवरा आरोपी आहे, तरी तिला साक्ष देता येते. समन्स तिच्या घरी जाणार. म्हणजे पदाजीच्या हातात.

मी विचारले, दुसरीकडे कुठे पाठवता येत नाही का?

“बाईचा दुसरा पत्ता आहे?”

हेडमास्तरांनी बोलावले. शाळेच्या वेळात कचेरीत जाऊ नये. गव्हाणचे काही पालक भेटून गेले म्हणे. मास्तर बायकांना फूस लावतात. मी म्हणालो, रजा लावा. ते म्हणाले, “तुम्ही कादंबरी लिहा ना. त्यात काय ते मांडा.”

१५ एप्रिल

हे सुट्या कागदावर. वही न्यायालयात आहे, तिच्यावर आता पुराव्याचा क्रमांक आहे.

पिंजऱ्यात उभे राहून १६ जानेवारी वाचले. मग आरोपीच्या वकिलांनी वही मागून घेतली. १७ जानेवारी त्यांनी स्वतः वाचले, मोठ्याने, चांगल्या आवाजात. ‘चांगले झाले आहे’ याला लोक हसले.

न्यायाधीशांनी विचारले, “हे तुम्ही गाळलेत?”

“होय.”

“वकिलांच्या सांगण्यावरून?”

“नाही. त्यांना माहीत नव्हते.”

“फिर्यादीच्या?”

“नाही.”

“मग का?”

उत्तर तयार करून गेलो होतो. ते बाजूला ठेवले. “बरे दिसावे म्हणून,” म्हणालो. त्यांनी तेच लिहिले.

चांगुणाला पुन्हा उभे केले. टोपली फेकलीस? फेकली. मागच्या वेळी नाही म्हणालीस. “तवा कागदात नव्हती.” न्यायाधीशांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. खोट्या शपथेचे नंतर पाहू, म्हणाले.

आरोपीचे वकील उभे राहिले. मीठ डोळ्यांत, माणूस आंधळा झाला, हात कुठे पडतो हे त्याला दिसत नव्हते.

न्यायाधीश: “पण तुमचे अशील तर त्या दिवशी पनवेलच्या बाजारात होते.”

हशा. वकीलही हसले. ते म्हणणे सोडतो, म्हणाले. दोन दुकानदार मागच्या दाराने निघून गेले.

आता सगळे एकाच गोष्टीवर आले. तिचे तोंड पाण्यात दाबले तेव्हा पदाजीला दिसत होते की नाही. दिसत असेल तर शिक्षा. नसेल तर कदाचित सुटका. ते पाहणारी एकच.

येसू आली. हात गळ्यात बांधलेला. जबडा वाकडा बसला आहे. शपथेचे शब्द नीट निघाले नाहीत, दोनदा घ्यावी लागली.

“तू हंडा ओतलास?”

“ओतला.”

“कोणावर?”

बोटाने दाखवले. चांगुणा जागेवरच उभी राहिली. शिपायाने तिला खाली बसवले.

“तू पोचलीस तेव्हा आरोपी काय करत होता?”

येसूने तोंड उघडले. पदाजी आरोपीच्या जागी उभा. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. एवढेच. ती तोंड उघडे ठेवून उभी राहिली. लाळ गळाली, ती पदराने पुसली.

पाच वाजले. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिले. या बाईंना बोलायला वेळ लागतो, उरलेली साक्ष पुढच्या तारखेला. २९ एप्रिल. उठले.

चौदा दिवस.

ओसरीत पदाजी येसूला म्हणाला, “चल.” तो जामिनावर आहे. ती त्याची बायको आहे. ती उठली.

रेऊबेन वकील धावत आत गेले. साहेब गेले होते. कारकून म्हणाला, बाईला संरक्षण हवे असेल तर बाईचा अर्ज पाहिजे. तिच्या अंगठ्याचा. सकाळी आणा.

मी येसूला म्हणालो, थांबा, वकिलांच्या घरी राहा, आजची रात्र. ती पदाजीकडे पाहत होती. तो माझ्याशी अगदी अदबीने बोलला. “मास्तर, घरची बाय दुसऱ्याच्या घरी कशाला ऱ्हाईल? लोकं काय बोलतील?” आणि चालू लागला. येसू मागे.

मग चांगुणा. पदर खोचला आणि निघाली.

मी म्हणालो, तुम्ही तरी राहा. गाडी रस्त्यापर्यंतच जाते. पुढे बांधावरून पायी. अंधार होईल.

“म्हनून तर,” ती म्हणाली. “मी दोघांच्या मधी चालेन.”

पदाजी मागे वळून हसला. “ये. ये की. वाट काय माझ्या बापाची?”

तिघे एकाच गाडीत चढले. मी आणि वकील फाट्यावर उभे. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, लिहायला घ्या.

अर्ज लिहून झाला आहे. पाच पाने. वकिलांनी वाचला, एक शब्द बदलला नाही. खाली येसूच्या अंगठ्यासाठी जागा सोडली आहे. उद्या पहिल्या गाडीने गव्हाण.